गुंजपतंग

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल गाडी कल्याण सोडते आणि शहाड, आंबिवली ही स्थानके घेत टिटवाळ्यास येते. येथील महागणपतीच्या दर्शनास अंगारकीच्या दिवशी एवढी गर्दी लोटते की स्थानकाबाहेर पाय ठेवण्यास जागा उरत नाही. दर्शन झाले, प्रसाद घेतला, की माणसे परतीची गाडी पकडतात. काळू नदीच्या काठापर्यंत जाणारे थोडेच. आणि जे जातात तेही पाणी पाहून मागे फिरतात. नदीच्या कडेने जी कोरडी, रेताड, तणांनी भरलेली पट्टी असते, तिच्यात पाहण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही मनात पुष्कळ वर्षे आले नव्हते. ते आले एका अर्ध्या गुणामुळे.

मुलांनो, मी मराठीचा शिक्षक. परंतु आमची शाळा लहान आणि शिक्षक थोडे. त्यामुळे सहावीच्या वर्गाचा सामान्य विज्ञानाचा तासही माझ्याकडे असे. सन १९९४ च्या सहामाही परीक्षेत मी एक प्रश्न घातला होता : ‘फुलपाखरू व पतंग यांतील फरक सांगा.’ फुलपाखरू दिवसा उडते, पतंग रात्री उडतो. फुलपाखरू बसताना पंख मिटते, पतंग ते पसरून बसतो. असे उत्तर मी फळ्यावर लिहून दिले होते आणि वर्गाने ते मुखोद्गत केले होते. नदीपलीकडच्या एका वाडीतून शाळेस येणाऱ्या एका मुलीने मात्र लिहिले, ‘पतंग रात्री उडतो आणि दिवसाही उडतो.’ मी ‘आणि दिवसाही’ हे शब्द तांबड्या शाईने खोडले व अर्धा गुण कापला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ‘‘गुरुजी, माझा अर्धा गुण का गेला?’’

‘‘दिवसा उडते ते फुलपाखरू,’’ मी म्हणालो. ‘‘तू पाहिलेस ते फुलपाखरूच असेल.’’

‘‘नाही गुरुजी. मी त्याची अळी टोपलीत पाळली होती. तिने आधी अंगाभोवती रेशीम विणले आणि मग त्यात कोश केला. आमच्या लिंबावरच्या फुलपाखराचा कोश उघडा असतो. हा झाकलेला होता. त्यातून निघाला आणि भर उन्हात उडून गेला.’’

तिच्याजवळ पुरावा होता आणि माझ्याजवळ तांबडी शाई. मी तिला वर्गात पाठविले. परंतु पुढे दिवसभर माझे मन शिकविण्यात नव्हते.

पतंग म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी दिवा येतो. ज्योतीवर झेप घेऊन जळून जाणारा पतंग आपल्या कवींनी एवढ्या वेळा रंगविला आहे की पतंगाला दिव्यावाचून दुसरा उद्योग नसावा, अशी आपली समजूत झाली आहे. मीही भाषेचाच माणूस. फळ्यावर लिहून दिलेले ते उत्तर मी निसर्गाकडून घेतले होते की कवितेकडून, याचा विचार मी त्या दिवशी प्रथम केला.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या वडिलांना निरोप धाडला आणि एका सकाळी दहाच्या सुमारास नदीकाठी गेलो. आमच्या भागात पाऊस मुबलक पडतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत काळू दुथडी भरून वाहते आणि कडेची पट्टी चिखलाखाली असते. मात्र दसरा उलटला की पाणी ओसरते, मागे गाळ व रेती उरते, ऊन तिला तापविते आणि थोड्याच दिवसांत तेथे पावसाळी प्रदेशाची खूणही राहात नाही. अशा भुईवर फार झाडे वाढत नाहीत. जी वाढतात, ती चिवट असतात. खुळखुळा हे त्यांतले मुख्य. त्याची फुले पिवळी, हरभऱ्याच्या फुलाच्या घडणीची, पण मोठी. पुढे फुगीर शेंगा धरतात, त्या वाळतात, आतले बी सुटे होते आणि वाऱ्याबरोबर शेंग खुळखुळू लागते. तान्ह्या मुलापुढे वाजवावयाच्या खेळण्याला आणि या झाडाला आपण एकच नाव दिले आहे. खुळखुळ्याच्या जवळच भुरुंडी उगवते. विंचवाच्या नांगीसारखा तिचा तुरा टोकाशी वळलेला असतो आणि त्यावर बारीक फुलांची दुहेरी ओळ असते.

ती मुलगी पुढे, मी मागे. तिने एका खुळखुळ्याला हळूच काठी लावली. झाडाच्या बुडाशी वाळल्या गवताची काडी समजून मी जिच्याकडे पाहिलेही नव्हते, ती काडी उडाली. पांढरा ठिपका हेलकावे खात दहाबारा पावले गेला आणि पुन्हा एका काडीला चिकटून नाहीसा झाला. आम्ही पाऊल न वाजविता जवळ गेलो.

काय सुंदर प्राणी होता तो! पंख पसरले असता टोकापासून टोकापर्यंत तीनचार सेंटीमीटर, यापेक्षा मोठा नाही. पुढचे पंख दुधाळ पांढरे, आणि त्यांवर तांबडे व काळे ठिपके. जणू कोणी बारीक काडीने एक तांबडा, दोन काळे, पुन्हा एक तांबडा असे टिंब देत गेले असावे. मागचे पंख पातळ, अभ्रकासारखे, कडेला काळसर नागमोडी पट्टी असलेले. ते मात्र उडतानाच दिसत. बसला की तो पुढचे पंख अंगाभोवती गुंडाळून घेई, आणि मग त्याची काडी होई.

‘‘आम्ही याला गुंजपाखरू म्हणतो,’’ ती म्हणाली. गुंजेचे बी तुम्ही पाहिलेच असेल. तांबडेलाल, आणि डोळ्यापाशी काळा ठिपका. पूर्वी सोनार याच बियांनी सोने तोलीत. नाव चपखल होते. मी त्यात एवढाच फेर केला की ‘पाखरू’ काढून ‘पतंग’ घातले, कारण तोवर मला माझी चूक कळून चुकली होती. हे नाव कोणत्याही ग्रंथातले नव्हे. आमच्या शाळेतले आहे. या पाठात तेच वापरतो.

चूक कळली ती कशी, हे सांगावयास हवे. फुलपाखराच्या डोक्यावर ज्या दोन मिशा असतात, ज्यांना शास्त्रज्ञ शृंगिका म्हणतात, त्यांच्या टोकाला गाठ असते. आगकाडीच्या गुलासारखी ती दिसते. गुंजपतंगाच्या शृंगिका दोऱ्यासारख्या सरळ, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या. काही पतंगांच्या शृंगिका पिसासारख्या असतात, काहींच्या दोऱ्यासारख्या. पण टोकाला गाठ सहसा नसते. दुसरी खूण अधिक बारीक आहे. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस, किंवा केसांचा झुबका असतो. तो पुढच्या पंखाखालच्या पकडीत अडकतो, त्यामुळे एका बाजूचे दोन्ही पंख एकदम हलतात. दाराला कडी असावी तशी ही योजना आहे. फुलपाखरांना ही कडी नसते. दिवस आणि रात्र ही खूण सर्वांत सोपी आणि सर्वांत कच्ची. तीच मी मुलांना पहिली म्हणून शिकविली होती.

खरे पाहता फुलपाखरे व पतंग ही दोन वेगळी घराणी नव्हेत. पतंगांच्या विशाल वृक्षाची एक फांदी उन्हात वाढली, रंगली, आणि तिला आपण फुलपाखरे म्हणू लागलो. जगात फुलपाखरांच्या जाती सुमारे अठरा हजार आहेत. पतंगांच्या सव्वा लाखाहून अधिक. भारतात फुलपाखरे तेराशेच्या आसपास, तर पतंग दहा हजारांवर. तरीही आपले सारे कौतुक त्या एका फांदीच्या वाट्याला येते. महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंत या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते योग्यच झाले. पण पतंगाची आठवण आपल्याला होते ती लोकरीच्या कपड्यांना कसर लागल्यावर.

कसरीवरून आठवले. सुट्टी संपण्यापूर्वी मी मुंबईस जाऊन एका ग्रंथालयात बसलो. जॉर्ज हॅम्पसन या इंग्रज शास्त्रज्ञाने भारतातील पतंगांवर चार खंड लिहिले आहेत. ते १८९२ ते १८९६ या काळात निघाले. ते चाळताना व इतर पुस्तके पाहताना मला कळले की या पतंगाला शास्त्रीय नाव मिळाले ते पार १७५८ साली, स्वीडनच्या कार्ल लिनियसकडून. वनस्पतींना व प्राण्यांना जोडनावे देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती याच लिनियसची. त्याने या पतंगाला ‘पुल्केला’ म्हटले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ चिमुकला, सुंदर. आज त्याचे पूर्ण नाव ‘युटेथेइसा पुल्केला’ असे आहे, आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या आणखी जातीही आपल्या देशात आढळतात. त्या दुरून पाहून वेगळ्या ओळखता येत नाहीत. गंमत अशी की लिनियसने त्याला प्रथम घातले ते कसरींच्या गटात! एवढा मोठा पंडित, परंतु त्यालाही हा पतंग नीट ठिकाणी ठेवता आला नव्हता. हे वाचून मला जरा बरे वाटले, हे कबूल करतो.

आता त्याचे जीवन पाहू. मादी खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या पानावर फिकट रंगाची बारीक, गोल अंडी घालते. त्यांतून निघणारी अळी करड्या-काळ्या रंगाची, अंगावर केसांचे विरळ झुबके, पाठीवर पांढरी रेघ आणि नारिंगी आडवे डाग. केसांमुळे तिला सुरवंट म्हणावयास हरकत नाही. ती पाने खाते, फुले खाते, आणि पुढे शेंगेला भोक पाडून आत शिरते व बी खाते. पूर्ण वाढ झाली की खाली उतरते आणि पाचोळ्यात किंवा मातीच्या फटीत विरळ रेशमाचे वेष्टण विणून त्यात तपकिरी कोश करते. त्या मुलीने टोपलीत पाहिले ते हेच.

तिने अळी पाळली ती केवळ हौसेने नव्हे. तिचे वडील भाताच्या खाचरात आधी ताग पेरीत. ताग हा खुळखुळ्याचा सख्खा भाऊ; फुले तशीच, शेंगाही तशाच. दीडेक महिन्याचा ताग नांगरून मातीत गाडला की त्याचे उत्तम खत होते, म्हणून त्याला हिरवळीचे खत म्हणतात. गाडावयाच्या तागाची पाने थोडी कुरतडली गेली तरी शेतकऱ्याचे फारसे बिघडत नाही. परंतु पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी जो तुकडा राखून ठेवावा, त्याच्या शेंगांत ही अळी शिरली, तर बी हाती लागत नाही. त्या वर्षी तसेच झाले होते. ‘‘ही अळी तर कोंबड्यासुद्धा टिपत नाहीत, गुरुजी,’’ तिचे वडील वैतागून म्हणाले. ‘‘एक टिपते, लगेच चोच पुसते आणि निघून जाते.’’

चोच का पुसते? या एका प्रश्नात गुंजपतंगाचे सारे रहस्य आहे.

खुळखुळा आणि त्याचे भाऊबंद आपल्या पानांत व बियांत एक विष तयार करतात. पायरोलिझिडीन वर्गाची अल्कलॉइडे असे त्याचे लांबलचक नाव आहे. झाडाला पळता येत नाही. खाणाऱ्यास धडा शिकविण्याचा हाच त्याचा मार्ग. हे विष चवीला कडू आणि यकृताला घातक. ते किती घातक असू शकते, याचा दुःखद अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. सन १९७५ च्या सुमारास तेव्हाच्या मध्य प्रदेशातील आणि आताच्या छत्तीसगडातील सरगुजा जिल्ह्यात कुटकीच्या पिकात रानटी खुळखुळ्याच्या एका जातीचे बी मिसळले गेले. गोरगरिबांनी ते धान्य शिजवून खाल्ले. त्यांची पोटे पाण्याने फुगली, यकृते निकामी झाली, आणि कित्येक माणसे दगावली. तुम्ही खुळखुळ्याची शेंग कानाशी धरून वाजवा, त्यास कोणाची ना नाही. पण तिचे बी तोंडात घालू नका, आणि शेळी-वासरू त्याकडे वळले तर हाकला.

मग जे खाऊन माणूस मरतो, ते खाऊन अळी कशी जगते? अळीच्या शरीरात असे एक विकर असते की जे त्या विषाचे रूप पालटून ते तिच्यापुरते निरुपद्रवी करते. ती ते बाहेर टाकून देत नाही, साठविते. अळीचा कोश होतो, कोशाचा पतंग होतो, तरी ते साठविलेले विष तसेच राहते. पंख नवे, पाय नवे, सोंड नवी, परंतु शिदोरी जुनी! बियांत विष सर्वांत अधिक असते, म्हणून तर अळी शेंग पोखरण्याची एवढी धडपड करते. तिच्या वडिलांच्या बियाण्याचा नाश का झाला, त्याचे उत्तर येथे आहे.

हे सारे शोधून काढण्याचे श्रेय बव्हंशी थॉमस आयस्नर या शास्त्रज्ञाकडे जाते. जन्म जर्मनीतील बर्लिनचा, १९२९ सालचा. कर्मभूमी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ. २०११ साली ते निवर्तले. गुंजपतंगाचा एक नातलग अमेरिकेत आहे. त्याचे पंख अधिक गुलाबी, परंतु खाणे तेच, खुळखुळ्याचे. फ्लोरिडामध्ये आयस्नर यांनी एकदा पाहिले की हा पतंग कोळ्याच्या भल्यामोठ्या जाळ्यात अडकला. जाळे सोनेरी धाग्यांचे आणि कोळी आपल्या तळहाताएवढा. याच गोत्रातला कोळी आपल्याकडे येऊरच्या जंगलात पावसाळ्यात दिसतो. कोळी धावत आला. त्याने पतंगाला पायांनी चाचपले. आता तो त्याला गुंडाळणार आणि खाणार, असे कोणासही वाटावे. परंतु कोळ्याने दातांनी एकेक धागा तोडावयास आरंभ केला आणि पतंगाला मोकळे केले. पतंग खाली पडता पडता सावरला आणि उडून गेला!

एकदा पाहिले म्हणून ते खरे, असे शास्त्रज्ञ मानीत नाहीत. आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अळ्या खुळखुळ्याच्या आहारावर वाढविल्या आणि काही अळ्या साध्या घेवड्याच्या आहारावर, ज्यात ते विष नव्हते. दोन्हींतून निघालेले पतंग दिसण्यात सारखे. तेच रंग, तेच ठिपके. मग ते एकेक करून जाळ्यात सोडले. खुळखुळ्यावर वाढलेल्यांना कोळ्यांनी सोडून दिले. घेवड्यावर वाढलेल्यांना खाऊन टाकले. पतंगाला वाचविणारी गोष्ट कोणती, हे यावरून निश्चित झाले. प्रयोग किती साधा! दोन गटांत फक्त एकच गोष्ट निराळी ठेवावयाची आणि काय होते ते पाहावयाचे. टोपली, अळ्या आणि दोन तऱ्हेची पाने यांहून त्याला फारसे काही लागत नाही. मी जेव्हा जेव्हा ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा तेव्हा मला वाडीतल्या त्या टोपलीची आठवण झाली.

कथा येथे संपत नाही. आयस्नर यांच्या गटाने पुढे असे दाखविले की मादी आपल्या साठ्यातले विष अंड्यांना देते, आणि नरही मीलनाच्या वेळी आपल्या साठ्याचा वाटा मादीस देतो. तोही अंड्यांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे मुंग्या आणि भुंगेरे त्या अंड्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. याच विषापासून नराच्या अंगी एक गंध तयार होतो, आणि त्या गंधावरून मादीला कळते की कोणाजवळ शिदोरी किती आहे. पिल्लाच्या जन्माआधीच आईबापांनी त्याच्यासाठी एवढी तरतूद करून ठेवावी, आणि तीही विषाची! मात्र या प्राण्यांना फार सद्गुणी समजू नका. ज्या अळ्यांना विष पुरेसे मिळालेले नसते, त्या कधी कधी आपल्याच जातीची अंडी खाऊन ती उणीव भरून काढतात.

गुंजपतंग दिवसा का उडतो, हे आता तुमच्या ध्यानी आलेच असेल. साधा, चविष्ट पतंग दिवसा उडाला तर कोतवाल, वेडा राघू, खाटीक असे पक्षी त्याला क्षणात टिपतील. म्हणून तो दिवसभर झाडाच्या सालीवर सालीच्या रंगाचा होऊन बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर निघतो. ज्याच्या अंगी विष आहे त्याला लपण्याचे कारण नाही. त्याला उलट ओळख पटवून द्यावयाची असते. ज्या पक्ष्याने एकदा तोंड भाजून घेतले, तो पांढऱ्यावरचे ते तांबडे-काळे ठिपके विसरत नाही. गुंजेचे बीही विषारी, आणि त्याचेही रंग हेच. त्या मुलीने नाव दिले तेव्हा तिला हे ठाऊक होते की नाही, मी विचारले नाही. रात्री दिव्यापाशी गुंजपतंग येतच नाही असे मात्र नव्हे. क्वचित येतो. तेव्हा ‘रात्री उडतो आणि दिवसाही उडतो’ हे तिचे वाक्य अक्षरशः खरे होते.

दिवसा उडणारा हा एकच पतंग आहे असेही नाही. पावसाळ्यात गवतावर गांधीलमाशीसारखा दिसणारा एक काळा पतंग तुम्हांस सापडेल. त्याच्या पोटावर पिवळे पट्टे असतात आणि पंखांत काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक तुकडे. तो इतका संथ उडतो की लहान मूलही त्याला पकडील. तागावरच येणारा नारिंगी पंखांचा, काळ्या टिंबांचा एक मोठा पतंगही आहे. तो गुंजपतंगाच्याच कुळातला. रुईवर वाढणारे नारिंगी फुलपाखरू पतंग नसूनही खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या वाळत्या पानांवर येऊन बसते व सोंडेने तेच विष चोखते. एकाच औषधांच्या दुकानात निरनिराळी गिऱ्हाइके यावीत, तसे हे आहे.

म्हणून कोरड्या रेताड पट्टीचे महत्त्व. गुंजपतंगाला वाळू आवडते असे नाही. वाळूत उगवणारी झाडे त्याला हवी असतात, आणि ती झाडे उन्हाची व मोकळ्या भुईची भुकेली असतात. दाट सावलीत खुळखुळा वाढत नाही. आफ्रिका, दक्षिण युरोप, अरबस्तान, भारत, ब्रह्मदेश असा या पतंगाचा विस्तार आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो अशाच उघड्या, रुक्ष जागी राहतो. तो प्रवासीही मोठा आहे. वाऱ्यावर स्वार होऊन भूमध्य समुद्राकडून तो कधी कधी पार इंग्लंडपर्यंत जातो. तेथे तो दिसला की निरीक्षक आनंदाने त्याची नोंद करतात. आपल्या दारात तो आहे, आणि आपण त्याला गवताची काडी समजतो.

आज टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे. मी नोकरीस लागलो तेव्हा स्थानकापासून नदीपर्यंत माळ होता. आता उंच इमारती आहेत, आणि त्यांत राहणाऱ्यांना घरे हवीच होती, हेही खरे. माळावर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात. पडीक जागा ‘स्वच्छ’ करण्याचे कार्यक्रमही होतात, आणि त्यांत खुळखुळा पहिल्यांदा उपटला जातो. अशा एका कार्यक्रमात मीही हाती विळा घेतला होता. निवृत्तीनंतर मी दर वर्षी दिवाळी ते संक्रांत या काळात आठवड्यातून एकदा नदीकाठच्या एका ठरावीक तुकड्यात फिरतो व गुंजपतंग मोजून वहीत लिहितो. तुकडा शाळेच्या पटांगणाएवढा. कधी अकरा, कधी चार. एका वर्षी तेथे भराव पडला, तेव्हा शून्य. पुढच्या पावसानंतर भरावाच्या कडेलाच खुळखुळा उगवला, आणि नोव्हेंबरात दोन पतंग आले.

तुम्हांस हा पतंग पाहावयाचा असेल तर ऊन चढू लागल्यावर जा. गवतातून हळू चाला. जे पांढरे काही उडेल, ते कोठे बसते यावर नजर ठेवा आणि मग दोन पावलांवर गुडघे टेकून बसा. पकडू नका, त्याच्या पंखांवरची धूळ बोटांना लागते आणि ठिपके पुसले जातात. फारच डिवचला तर तो मानेजवळून फेसाचा थेंब काढतो. तोही त्या विषाचाच.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. सुट्टीनंतर शाळा भरली, त्या दिवशी मी सहावीच्या वर्गात त्या मुलीचा पेपर मागून घेतला, सर्वांसमोर माझी तांबडी रेघ खोडली आणि अर्धा गुण परत दिला. फळ्यावरचे जुने उत्तरही पुसले. ती खाली बसली, आणि लगेच पुन्हा उभी राहिली.

‘‘गुरुजी, मग बाकीच्यांचा अर्धा गुण कापणार का?’’

वर्ग एकदम शांत झाला. मी कोणाचाही गुण कापला नाही. ते उत्तर त्यांनी माझ्याच फळ्यावरून उतरून घेतले होते.